बारा दिवस गोड पाणी

आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी आम्ही बारा दिवस प्यायलो. बाराव्या दिवशी दुपारी मामाने तिच्यावर काटेरी फांद्या टाकल्या, आणि त्या कुणी उचलल्या नाहीत.

त्याआधी आम्ही तळ्याचं पाणी प्यायचो, आणि त्यानंतरही तेच प्यायलो. अंधारात निघालं तर ऊन चढेपर्यंत परत यायचं. पुढे आई, मधे गाढव, मागे माझी थोरली बहीण ओतिलिया. त्या तळ्यात शेळ्या उतरायच्या, गाढवं उतरायची, वारा आणून टाकेल ते सगळं उतरायचं. पाणी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर काय राहिलं ते बघायचं नाही, असं आईने आम्हाला शिकवलं होतं. पाण्याला शेळीचा वास नसतो हे मला सिस्टरांच्या वसतिशाळेत गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी तिथल्या नळाचं पाणी प्यायले तेव्हा वाटलं, हे कच्चं आहे, अजून व्हायचंय.

ताईचं पहिलं मूल पोटाच्या आजाराने गेलं होतं. दुसरी निरिया आठ महिन्यांची होती, आणि तिचंही पोट सारखं बिघडायचं. ताईचा नवरा माराकाइबो शहरात तेलाच्या कामावर होता. सीमा ओलांडून महिन्याकाठी यायचा आणि येताना तेच पालुपद आणायचा, की तिथे स्वयंपाकघरात नळ आहे, चल. आमच्यात मुलगी आईचं घर सोडत नाही, नवरा येतो-जातो. पण एका संध्याकाळी ताई आईला म्हणाली, "आई, इथं गोड पाणी लागलं तर मी कुठं जायची नाही. नाही लागलं तर मात्र पोरीला घेऊन जाईन. दुसरं पोर मी पुरायची नाही."

 आई विणत होती, तशीच विणत राहिली.

त्याच डिसेंबरात ती तीन पोरं आली. विद्यापीठाला सुट्टी लागली होती म्हणून थंड डोंगरातून, तुंहा शहराकडून, गावोगावी विहिरी खणून द्यायला निघालेली. पैसे घेणार नव्हती. त्यांतला एक जाडा होता, एक कायम आजारी असायचा, आणि तिसरा लिसांद्रो. काम खरं तर तोच करायचा. मी एकोणीस वर्षांची होते, नुकतीच शाळेतून परतले होते, आणि वस्तीत स्पॅनिश येणारी मी एकटी. त्यामुळे मामा आणि ती पोरं यांच्यामध्ये मी.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तोरिबिओ. आमच्या वस्तीत शेवटचा शब्द त्याचा. त्याने तिघांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मला म्हणाला, "विचार गं त्यांना, पाणी शोधायला आलेत की सावली?"

मी विचारलं. लिसांद्रोचं नाक उन्हाने सोलून निघालं होतं. तो म्हणाला, "आधी सावली. मग पाणी."

मामा हसला. तो परक्यांपुढे हसायचा नाही. त्या दिवशी हसला.

दोन महिने ती आमच्या मांडवाखाली राहिली. लिसांद्रोला झुला बांधता यायचा नाही. तो रोज रात्री निजायचा आणि रोज पहाटे जमिनीवर आपटायचा. बायका पहाटेची कॉफी ठेवता ठेवता कान देऊन असायच्या. धप्प आवाज आला की आई म्हणायची, "उठला गं जावई!" आणि सगळ्या खिदळायच्या. तो मला विचारायचा, काय म्हणतात? मी सांगायचे, सुप्रभात म्हणतात. मग तोही बायकांना मान लववून तेच म्हणायचा, आमच्या भाषेत, "उठला जावई!" ताईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

विहीर सहा पुरुष खोल गेली. पाचव्या पुरुषाला पाणी लागलं, पण खारं. जाडा म्हणाला, सोडून देऊ. लिसांद्रो म्हणाला, अजून एक पुरुष. आमची माणसं आळीपाळीने खाली उतरत होती, मामाही उतरला, आणि त्या शेवटच्या पुरुषाला खालच्या खडकातून गोड पाणी आलं. वरच्या खाऱ्या झऱ्याला त्यांनी सिमेंटचं कडं बसवलं, वर हातपंप लावला. पहिला तांब्या मामाने ताईच्या हातात दिला. तिने आधी निरियाला पाजलं. मग स्वतः प्यायली आणि म्हणाली, "कशाचीच चव नाही याला." आणि रडायला लागली.

बारा दिवस निरियाचं पोट नीट होतं. आईने गाढवाला मोकळं सोडलं होतं. ताईने नवऱ्याला निरोप धाडला, की मी येत नाही, तूच ये.

बाराव्या दिवशी दुपारी पंपाचा दांडा कुरकुरत होता म्हणून लिसांद्रो तो घट्ट करत होता. दांडा सुटून उलटा आला आणि त्याचा तळहात चांगला बोटभर फाटला. रक्त सिमेंटच्या ओट्यावर पडलं. त्याने हात धुतला, शर्टाची पट्टी गुंडाळली, हसून म्हणाला, "आता पंपाने माझी ओळख ठेवली." पण हसत होता तो एकटाच. आमची माणसं जागच्या जागी उभी राहिली होती.

आमच्यात रक्त सांडलं की ते कुणाच्या तरी नावावर जातं. चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही. ज्याच्या जमिनीवर, ज्याच्या कामात सांडलं, त्याने ज्याचं सांडलं त्याच्या आईच्या माणसांचं मन राखायचं. काहीतरी द्यायचं, त्यांनी घ्यायचं, मग सोबत बसून खायचं. घेतलं की मिटलं. घेतलं नाही, तर मिटलं नाही, आणि जे मिटलं नाही त्याचं पुढे वैर होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मामाने लगेच काटेरी फांद्या आणून ओट्यावर आडव्या टाकल्या. "हे मिटेपर्यंत पाणी काढायचं नाही." आणि माणूस पाठवून सातुर्निनोला बोलावलं. दोन घरांमध्ये बिनसलं की बोलणी करायला जायचा तो मध्यस्थ, हातात काठी घेऊन फिरणारा म्हातारा. त्याचा शब्द खाली पडला असं कधी झालं नव्हतं.

काय द्यायचं ते मामाने ठरवलं. शेळ्या तर द्यायच्याच. "पण हा पोरगा परका आहे," तो म्हणाला, "याच्या मामांनी आपल्याला पाहिलेलं नाही. त्यांना कळलं पाहिजे की आपण हलकी माणसं नाही." आणि त्याने आईकडे पाहिलं. आई उठली आणि आजीची लाल अकीकाची माळ घेऊन आली.

ती माळ माझी होती. म्हणजे व्हायची होती. मुलगी वयात आली की तिला कोंडून विणकाम शिकवतात, आणि बाहेर येताना तिला लेणं मिळतं. ताईला तिचं मिळालं होतं. मी शाळेत होते, माझं कोंडणं राहून गेलं होतं, आणि आई म्हणायची, तुझं लग्न ठरलं की आजीची माळ तुझी. शाळेतल्या सगळ्या रात्री मी त्या माळेचे मणी मनात मोजत झोपले होते. सिस्टर आमच्या चालीरीतींना अडाणीपणा म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे, पण त्या माळेबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी लिसांद्रो मांडवाबाहेर एकटा बसला होता. मी त्याच्याजवळ गेले.

"उद्या ते तुला काही वस्तू देतील," मी म्हणाले. "घेऊ नकोस."

"कसल्या वस्तू?"

"शेळ्या. आणखी काही. हाताला लागलं म्हणून."

तो चकितच झाला. "मला लागलं म्हणून ते मला देणार? दांडा तर मीच नीट बसवला नव्हता!"

"पद्धत आहे जुनी. पण तू बघतोयस ना, काय आहे त्यांच्याकडे. त्या शेळ्यांच्या दुधावर निरिया आहे. घेतल्यास तर त्यांचे हाल होतील."

"पण नाही म्हटलं तर वाईट नाही वाटणार त्यांना?"

"उलट बरं वाटेल," मी म्हणाले. "मैत्री आहे म्हण."

मी हे इतकं सरळ बोलले की बोलता बोलता मलाच खरं वाटलं. शेळ्यांचं, हालाचं, सगळं. माळेचं नाव मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली चटई अंथरली. एका बाजूला मामा आणि आमची माणसं, समोर लिसांद्रो, मधे सातुर्निनो काठी आडवी ठेवून. मी त्याच्या उजव्या हाताला. शेळ्या खुंटाला बांधलेल्या. माळ चटईवर, कापडावर.

सातुर्निनो सावकाश बोलायचा, आपण ओझं उतरवतो तसं. "पोरा, तुझं रक्त आमच्या जमिनीवर पडलं. ते तुझं एकट्याचं नाही, तुझ्या आईचं आहे. तुझ्या मामांचं घर लांब आहे, आम्ही तिथवर जाऊ शकत नाही. म्हणून आज तूच त्यांच्या जागी बसलायस. हे घे, आणि आमच्यासोबत जेव."

मी त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. शब्द बरोबर सांगितले. पण कसे सांगितले ते मला ठाऊक आहे, दुकानदार जुनी उधारी वाचून दाखवतो तसे.

लिसांद्रोने पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवला. "मी नाही घेऊ शकत. तुम्ही मला घर दिलंत. मला काही नको. आपण मित्र आहोत." आणि वाकून दोन बोटांनी ती माळ मामाकडे सरकवली.

 खुंटाची शेळी तेवढी ओरडली.

सातुर्निनोने माझ्याकडे पाहिलं. "पोरी, त्याला पुन्हा विचार. शब्दाला शब्द लावून विचार. त्याला सांग, हे नाकारणं म्हणजे काय ते."

तिथे मला वाट होती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी लिसांद्रोकडे वळून म्हणाले, "ते आता फक्त रीत म्हणून पुन्हा विचारतायत. ठाम नाही म्हण, म्हणजे संपेल."

तो ठाम नाही म्हणाला. हसून म्हणाला.

सातुर्निनोने काठी उचलली आणि उठला. जेवणाला थांबला नाही. जाताना मामाला एवढंच म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा रिकामा जातोय, तोरिबिओ."

त्या दुपारी मांडव रिकामा झाला. लिसांद्रो मला विचारत राहिला, "काय झालं? कुणी बोलत का नाही?" मी म्हणाले, "दमलेत." दोन दिवसांनी त्यांची सुट्टी संपली, ट्रक आला. जाताना त्याने आमच्या भाषेत मान लववून सगळ्यांना म्हटलं, "उठला जावई." कुणी हसलं नाही. ताईने तोंड फिरवलं. त्याला वाटलं असेल, रडतेय.

मामाचं म्हणणं सरळ होतं. "पोरगा मनाने वाईट नाही. पण जो थोडं घेत नाही, त्याला पुष्कळ हवं असतं. त्याचे मामा येतील." ते येईपर्यंत त्या ओट्याजवळ कुणी जायचं नाही, आणि न मिटलेल्या रक्तावरचं पाणी तर प्यायचंच नाही.

ताई एकटी त्याच्याशी भांडली. बायका मामापुढे आवाज चढवत नाहीत, तिने चढवला. "मामा, पोरीचं पोट परत सुटलंय. पाणी तिथं आहे, पन्नास पावलांवर!"

"रक्त मिसळलेलं पाजू तिला?"

"सहा पुरुष खाली आहे पाणी! त्याचं रक्त पडलं ओट्यावर, चार थेंब. मी धुऊन काढते ओटा."

"चार थेंबांवरून तुझ्या आजोबांच्या भावाचं घर उठलं," मामा म्हणाला. "तुला ठाऊक आहे. मला बोलायला लावू नकोस."

लिसांद्रो अजून चार दिवस रिओआचा शहरात असणार होता, तिथल्या पाद्र्यांच्या घरी. मला ते माहीत होतं. एवढं सांगितलं असतं की नकार त्याचा नव्हता, माझा होता, तर मामाने माणूस धाडून त्याला परत आणलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या मांडवाशी गेलेही. तो झुल्यात बसून वाटेकडे बघत होता.

"काय गं?"

"कॉफी ठेवू का, मामा?"

"ठेव."

मी कॉफी ठेवली. माळ तेव्हा माझ्या गळ्यात होती. परत आलेली वस्तू पेटीत ठेवायची नाही म्हणून आईनेच ती बांधली होती.

ताई त्या महिन्याच्या शेवटी गेली. मक्याच्या पोत्यांचा ट्रक माराकाइबोला जात होता, त्यात मागे बसून. आईने तिला आंबिलीचं भांडं दिलं आणि निरियाच्या कपाळाला हात लावला, आणखी काही नाही. मी गाठोडं वर चढवून दिलं.

"दोन महिने आपल्या हातचं खाल्लं त्याने," ताई वरून म्हणाली. "असा नव्हता गं तो. धाकटे, तू नीट सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

"मग कसं काय?"

"परकी माणसं," मी म्हणाले. "त्यांचं काय सांगावं."

ट्रक निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याला जाताना पुढे आई, मधे गाढव, आणि मागे मी.

पुढच्या वर्षी सिस्टरांच्या पत्त्यावर लिसांद्रोचं पत्र आलं. हात बरा झाला होता. विचारलं होतं, पाणी गोड आहे ना अजून? लिहिलं होतं, की ज्यांच्याकडे काही नाही आणि जे मला सगळं द्यायला निघाले होते, अशा माणसांबद्दल मी इथे सर्वांना सांगतो. मी ते पत्र दोनदा वाचलं. उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

मामा अठरा वर्षं त्या वाटेकडे डोळे लावून होता. वाटेवर धूळ उठली की तो उठून उभा राहायचा, म्हातारपणी काठी धरून उभा राहायचा. ट्रक पुढे निघून गेला की बसायचा. शेवटच्या आजारात त्याने मला विचारलं, "आले का त्या पोराचे मामा?" मी म्हणाले, नाही. "लांबून यायचंय त्यांना," तो म्हणाला. माझा हात त्याच्या हातात होता. तेव्हाही मी बोलले नाही. तो गेल्यावर भाच्यांनी फांद्या काढल्या, पण पंप गंजून एकजीव झाला होता आणि कडं फुटून खारं पाणी खाली उतरलं होतं. शेळ्यासुद्धा तोंड लावायच्या नाहीत. माळ एका भाच्याच्या भांडणात दुसऱ्या कुळाला दिली, तीही मिटवणीतच. आता कुणाच्या गळ्यात आहे, मला माहीत नाही.

ताई परत आली तेव्हा मी पासष्टीला आले होते. माराकाइबोचे नळ कोरडे पडले, दिवे गेले, दुकानं रिकामी झाली, तेव्हा आमची पुष्कळ माणसं सीमेवरून परतली, तशी तीही. निरिया आली नाही. ती मुलांना घेऊन चिलीला गेली. तिला आमची भाषा येत नाही, तिच्या मुलांना तर आम्ही कोण हेही सांगता यायचं नाही. आईच्या घरातली एक चूल तशी विझली. ताई एक पिशवी आणि सुजलेले गुडघे घेऊन आली आणि मांडवात माझ्या शेजारच्या झुल्यात राहू लागली. आता पाण्याचा टँकर येतो, यायचा तेव्हा.

एके दुपारी तिने पुन्हा तेच काढलं. "तो पोरगा गं. लिसांद्रो. का नाही म्हणाला असेल? मी इतकी वर्षं विचार करते."

आणि मी सांगितलं. संध्याकाळचं बोलणं, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाचं, सगळं. ती झुल्यात आडवी होती, छपराकडे बघत.

"माळेसाठी?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"माझी होती ना. सोन्याच्या मण्यांची. मामाला म्हटलं असतं तर माझी दिली असती त्याने. मी हसत काढून दिली असती."

"मला सुचलं नाही, ताई."

"मी ती पहिल्याच वर्षी विकली. खोलीच्या भाड्यात." ती जराशी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "आई गेली तेव्हा मला दोन महिन्यांनी कळलं. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

वारा मांडवातून जात होता. मी म्हणाले, "सातुर्निनोचा नातू आता बोलणी करतो. मी त्याला बोलावते. तू सांग काय ते, मी देईन."

"वेडी आहेस का? दोघी एका आईच्या. एकच रक्त. द्यायचं कुणी आणि घ्यायचं कुणी? तो येऊन बसेल कुठल्या बाजूला?" ती उठून बसली, पाय खाली सोडले. "दुसऱ्या कुळाची असतीस तर बरं झालं असतं, धाकटे. तुझ्याकडून शेळ्या घेतल्या असत्या, सोबत जेवले असते, आणि झालं असतं."

त्याला आता पाच वर्षं झाली. ती अजून माझ्या शेजारीच निजते. आम्ही विणतो, पावसाचं बोलतो, कुणाच्या घरी कोण जन्मलं ते बोलतो. तिचे गुडघे आता पार गेलेत. तरी तहान लागली की ती मला सांगत नाही. मांडवाचा खांब धरून उठते, पिंपापर्यंत चालत जाते आणि आपलं पाणी आपण घेते. मी बसून बघते.